रीतीचे गुण



२००९ साली मी संगणकशास्त्राची पदवी घेतली. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली होती. तिची झळ हैदराबादेतल्या आम्हा नवपदवीधरांपर्यंत आली. नेमणूकपत्र हाती होते, रुजू होण्याची तारीख मात्र येईना. अकरा महिने अमीरपेटच्या शिकवणीवर्गांत जावा शिकत काढले. तिथे एका मध्यस्थाने दोन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखला देऊ केला. मोह झाला नाही असे म्हणणार नाही. वडिलांना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्या दोन वर्षांत काय केलेस असे कोणी विचारले, तर?" शेजाऱ्यांच्या चौकशाही त्यांनीच झेलल्या. पालकहो, त्या काळात मला याहून मोठी मदत कुणाची झाली नाही.

पुढे एका लहान कंपनीत मुलाखतीला लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येकीपाशी पुढचीचा पत्ता असलेल्या नोंदींची साखळी, उलटी करायला सांगितली. माझे इंग्रजी अडखळले. मी कागद मागितला, चार चौकोन काढले आणि प्रत्येक बाण फिरवण्यापूर्वी पुढच्या चौकोनाचा पत्ता बाजूला लिहून ठेवू लागलो. तो न लिहिता बाण फिरवला, तर उरलेली साखळी हातची जाते. याच शाळेत गणिताच्या बाई उत्तराला एक गुण देत आणि रीतीला चार. तिसऱ्या बाणालाच मला थांबवून विचारण्यात आले, "सोमवारी येता?" पगार नेमणूकपत्रातल्या आकड्याच्या निम्माही नव्हता. मी सोमवारी गेलो.