बारमाही शिमगा



‘शिमगा गेला, कवित्व राहिले’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. सण सरतो, होळीची राख थंड होते, तरी एखाद्याच्या तोंडातली शिमग्याची भाषा काही जात नाही. मग घरातले कोणी वडील माणूस त्याला ही म्हण ऐकवते. त्यात राग थोडाच असतो. ‘बाबा रे, त्याचा एक दिवस होता, तो झाला,’ एवढीच आठवण असते. आज मला बोलायचे आहे ते या उरलेल्या कवित्वाविषयी. कारण अलीकडे ते उरते म्हणजे कायमचेच उरते, आणि तेही खिशात. कोणाला तरी मुद्दाम झोंबेल, कोणाची तरी लाज निघेल अशा विनोदाची मुद्रणे मोबाइलवर बारा महिने वाजत असतात. आपली मुले ती ऐकतात. मुलेच कशाला, आपणही ऐकतो, खुदकन हसतो, आणि मग कोणी पाहिले तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो.

माझी पंचाईत अशी आहे की या विषयावर बोलायचे, पण एकही नमुना ऐकवायचा नाही. तेव्हा नमुने आपले आपण आठवावेत. ते आठवायला कोणाला फार वेळ लागेल असे मला वाटत नाही.

आमच्या तळोज्याच्या बाजूला, पनवेल-उरणच्या आगरी-कोळी गावांत, शिमगा हा मोठा सण. होळी पेटली की तिच्याभोवती बोंब उठते, आणि त्या बोंबेत गावातल्या भल्याभल्यांचा उद्धार होतो. एरवी ज्याच्यासमोर मान वर करायची नाही, त्याचेही नाव त्यात येते. परंतु नीट पाहिले तर या मोकळिकीलाही कुंपण होते. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. ओरडणारा कोण हे सर्वांना ठाऊक. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, त्या घरावरून जाताना आवाज आपोआप खाली येई. आणि ज्याच्या नावाने रात्री बोंब मारली, त्याच्याच दारात सकाळी पोस्त मागायला जायचे! तोही शिव्या देत देत खिशात हात घालायचा. लग्नात बायका विहिणीला उद्देशून जी गाणी म्हणत, तीदेखील सगळी सोवळी नव्हती. पण जिला उद्देशून म्हणायचे ती समोर पाटावर बसलेली असे, आणि पुढच्या लग्नात उलट गाणे म्हणायची पाळी तिची असे.

तमाशाचेही तसेच. गण झाला, गौळण झाली, की बतावणी. सोंगाड्या येतो आणि आधी स्वतःचीच फजिती करून घेतो. मग वगात त्याच्या तावडीत सापडतात ते कोण, तर राजा, प्रधान, कोतवाल. चावटपणा भरपूर, पण त्याचा रोख बहुधा वरच्या पायरीकडे. हा चावटपणा सरकारला सोसला नाही, तेव्हा सुधारणेसाठी समिती झाली. पुढे १९५४ साली प्रयोगाआधी संहिता तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. तपासणाऱ्यांची अडचण अशी की बतावणी कागदावर नसतेच मुळी. ती डोळ्यांत असते, थांबण्यात असते, ढोलकीच्या एका थापेत असते.

ही कला दादा कोंडके यांनी जितकी ओळखली तितकी क्वचितच कोणी ओळखली असेल. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस सेवादलाच्या कलापथकात आणि वाद्यवृंदात तयार झाला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात १९६५ पासून त्यांनी रंगवलेला हवालदार पाहायला महाराष्ट्र लोटला. १९७१ साली त्यांचा ‘सोंगाड्या’ हा चित्रपट आला, आणि त्यानंतर एकामागून एक चित्रपट रौप्यमहोत्सव करीत गेले. त्यांच्या गाण्यांना आणि संवादांना आपण द्वयर्थी म्हणतो. या प्रकारात खरी गंमत काय असते? बोलणारा एक साधेच वाक्य बोलतो. दुसरा अर्थ लावतो तो ऐकणारा. म्हणजे पाप कोणाच्या मनात? ऐकणाऱ्याच्या! तो हसतो ते निम्मे त्या वाक्याला, आणि निम्मे स्वतः पकडला गेलो म्हणून. शेजारचाही हसला, म्हणजे तोही पकडला गेला. अशा वेळी चित्रपटगृहातली हजार माणसे एका गुपितात भागीदार होतात. हे सुख लहान नव्हे. त्याला नुसते ग्राम्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते कधी घेतलेले नसावे, किंवा घेऊन विसरले असावेत.

इथपर्यंत सगळे माणसांच्या जमावात घडत होते. पण विनोद तबकडीवर गेला आणि एक नवीन गोष्ट झाली. अमेरिकेत १९५६ पासून रेड फॉक्स नावाच्या कृष्णवर्णीय विनोदवीराच्या चावट तबकड्या निघू लागल्या. त्या दुकानात दर्शनी न ठेवता मागच्या बाजूने विकल्या जात, आणि लोक मित्रमंडळी जमवून, मुलांना झोपवून त्या लावीत. म्हणजे तबकडी आली तरी बैठक शाबूत होती. ती मोडली कशी, याचा एक दाखला आपल्या नभोवाणीच्याच व्यवसायातला आहे. जॉर्ज कार्लिन याच्या तबकडीत, हवेतून कधीही उच्चारू नयेत अशा शब्दांची यादी होती. यादी म्हणजे नावनिशीवार यादी! ऑक्टोबर १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केंद्राने ती दुपारी दोनच्या सुमारास वाजवली. एक गृहस्थ मुलाला घेऊन मोटारीतून चालले होते, त्यांनी ती ऐकली आणि तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल झाला. तबकडीवर बंदी आली नाही. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की हे दुपारी, मुले ऐकत असताना का? डुक्कर गोठ्यात असले तर कोणाची तक्रार नसते, दिवाणखान्यात शिरले की असते, अशा अर्थाचा दृष्टांत त्या निकालात आहे. शिमग्याचे आपले शास्त्र याहून वेगळे काय सांगते?

आता मोबाइलला ना गोठा, ना दिवाणखाना. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की आमच्या औद्योगिक वसाहतीतला रात्रपाळीचा कामगार आणि त्याचा आठवीतला मुलगा हे दोघेही एकच मुद्रण पाहतात, पण वेगवेगळे, कानात बोंडे घालून. एकट्याने पाहताना हसू येते का? येते, कारण मुद्रणात सभागृहातल्या लोकांचे हसणेही भरलेले असते. ते हसले म्हणजे आपण हसायला हरकत नाही, अशी परवानगी कानात मिळते. आणि कुमारवयातल्या मुलांना तर ती एक कसोटीच होऊन बसते. जो दचकला तो बावळट, जो हसला तो मोठा झाला. आपल्या लहानपणी झाडाच्या शेंड्यावर चढण्यात जी मर्दुमकी होती, ती आता अधिक घाणेरडे वाक्य न लाजता ऐकण्यात आहे. यात मुले बिघडली असे मी म्हणणार नाही. झाडे कमी झाली, हेही एक कारण असेल.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला असा एक मोठा कार्यक्रम झाला. चित्रपटातले दोन नट समोर बसले आणि बाकीच्यांनी त्यांची यथेच्छ निंदा केली. सुमारे चार हजार प्रेक्षक तिकीट काढून आले होते, आणि ज्यांची निंदा झाली तेही राजीखुशीने आले होते. त्या रात्री कोणी चिडले नाही. जानेवारी २०१५ च्या अखेरीस त्याचे मुद्रण सर्वांसाठी खुले झाले, आणि काही दिवसांतच पोलिसांत तक्रारी, क्षमायाचना, मुद्रण मागे घेणे हे सारे झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तसेच पुन्हा घडले. खारच्या एका छोट्या सभागृहात मुद्रित झालेल्या कार्यक्रमात एका पाहुण्याने आईबापांविषयी एक किळसवाणा प्रश्न विचारला. तो देशभर फिरला, आणि संबंधितांना जबाबासाठी महापे येथील महाराष्ट्र सायबरच्या कार्यालयात यावे लागले. महापे म्हणजे तळोज्याहून मोटारीने फार लांब नाही. त्यामुळे आमच्याकडे त्या प्रश्नाची चर्चा चहाच्या टपरीवरही झाली. ज्यांनी तो कार्यक्रम कधी पाहिला नव्हता, त्यांना तो प्रश्न मात्र तोंडपाठ! निषेध करता करता लोकांनीच तो घरोघर पोचवला.

तुम्ही म्हणाल, मग बंदी हाच उपाय. मला तसे वाटत नाही. सत्ताधाऱ्याची टर उडवणे आणि दुबळ्याची टर उडवणे या दोन गोष्टी बंदीला वेगळ्या दिसत नाहीत. आणि बंदीचा बडगा बहुधा पहिल्या प्रकारावरच आधी पडतो. सोंगाड्याला राजाची टिंगल करू दिली नाही, तर तो घरी जाऊन बायकोची करील.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती सांगण्यासाठी एक शब्द घेतो, ‘दादूस’. आगरी घरात दादूस म्हणजे थोरला भाऊ. ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहायची तो. पण आमच्या घराबाहेर, मोबाइलवरच्या विनोदात, दादूस म्हणजे कोण? जमीन विकून गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालणारा, मोठ्याने बोलणारा, हळदीच्या रात्री बेभान नाचणारा अडाणी माणूस. आमच्यातलेच तरुण आगरी बोलीत हे सोंग आणतात, तेव्हा गाव पोट धरून हसते. कारण सोंग आणणारा त्या हळदीत स्वतः नाचलेला असतो. तेच सोंग, तीच बोली उसनी घेऊन, दुसऱ्या कोणी शहरातल्या सभागृहात आणले की शब्द तोच राहतो आणि थोरला भाऊ त्यातून निघून जातो.

आणि त्या सोन्याची गोष्ट काय आहे? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. खारे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली भातशेती गेली, मिठागरे गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मरण पावले. पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, ती त्या लढ्यातून. विनोदातल्या साखळीमागे हे सारे आहे. विनोदवीराने ते सांगावे अशी माझी अपेक्षा नाही, त्याच्याजवळ वेळ तीनच मिनिटांचा असतो. पण ऐकणाऱ्या मुलाला ते कोणी सांगणार की नाही?

आमच्याकडच्या एका शाळेत घडले ते सांगतो. शाळेचे नाव नको. आता तळोज्याच्या शाळांत जुन्या गावची मुले आहेत, तशी नव्या इमारतींतली आहेत. कोणाचे वडील उत्तर प्रदेशातून आले, कोणाचे ओडिशातून, कोणाचे साताऱ्याहून. मधल्या सुट्टीत एका मुलाने मोबाइलवर ऐकलेला दादूसचा विनोद हुबेहूब करून दाखवला. वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने कोण हसला, तर वर्गातला आगरी मुलगा. बाईंनी ते पाहिले. त्यांना ते हसणे खटकले. हसला नसता तर विनोद त्याच्यावरच आहे हे उघड झाले असते, म्हणून तो मोठ्याने हसला. आणि त्यानंतर त्या मुलाने शाळेत आपल्या बोलीत बोलणे सोडले. घरून डबा घेऊन आलेल्या आजीशीसुद्धा तो फाटकाशी पुस्तकी मराठीत बोलू लागला.

शिक्षकमित्रहो, अशा वेळी आपला हात पहिल्यांदा मोबाइल जप्त करण्याकडे जातो, आणि दुसऱ्यांदा उपदेशाकडे. उपदेशाने तर तो विनोद अधिकच गोड होतो. या बाईंनी दोन्ही केले नाही. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘दादूस’ हा शब्द लिहिला आणि थोरल्या भावाला कोणाच्या घरी काय म्हणतात ते विचारले. भैया आला, भाई आला, दादा आला, अण्णा आला. नक्कल करणाऱ्या मुलाच्या घरचाही शब्द आला, आणि त्या शब्दाचीही कोणी तरी नक्कल करते, हे त्याने आपण होऊन सांगितले. ते सांगताना मात्र तो हसला नाही.

मग बाईंना हुरूप आला. मराठी भाषा दिनाला त्यांनी त्या आगरी मुलाच्या आजोबांना शाळेत बोलावले. म्हातारा ऐंशीच्या घरातला, पण आवाज खणखणीत. त्यांनी जमीन मोजायला आलेल्या साहेबाची गोष्ट सांगितली. साहेब चिखलात कसा रुतला, त्याची साखळी कशी खाडीत गेली, आणि आपण न वाचता कागदावर अंगठा कसा उठवला, हे सगळे आपल्या ठेवणीतल्या बोलीत, साहेबाचे सोंग आणून आणि त्याहून अधिक स्वतःचे सोंग आणून त्यांनी सांगितले. मुले बाकांवरून पडायची बाकी होती. नातू कानापर्यंत लाल झाला होता, पण मधेच एक शब्द इतर मुलांना कळला नाही, तेव्हा तो त्यानेच उठून समजावून दिला. रंगात आलेल्या आजोबांनी शेवटी साहेबाविषयी एक कोटी केली. बाईंनी पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहिले, आणि मुख्याध्यापकांनी घंटा द्यायला सांगितली. ती कोटी या केंद्रावरून सांगता येण्यासारखी नाही.