गर्भवतीचे ताट



घरातील सुनेला दिवस गेले आहेत असे कळताच तिने काय खाऊ नये याची यादी सर्वांच्या तोंडी असते. पपई नको, तीळ नकोत, मासे नकोत. परंतु तिने काय खावे आणि केव्हा खावे, याचा विचार त्या मानाने थोडाच होतो. सर्वांची पाने उठल्यावर जे उरेल ते तिच्या वाट्याला येते. गर्भवतीला खरा अपाय बहुधा पपईने होत नाही. तो या उरल्यासुरल्या अन्नाने होतो.

याची साक्ष मुंबईतच मिळाली आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई हिंदुस्थानात आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांना एक प्रकारचा घातक पंडुरोग जडत असे, त्याचा त्यांनी अभ्यास केला. रोगाचे मूळ जंतूंत नसून निकृष्ट आहारात आहे, असे त्यांना आढळले. यीस्टचा साधा अर्क पोटात जाताच रोगी स्त्रिया सुधारू लागल्या. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कातील त्या गुणकारी द्रव्याचा शोध पुढे पालकाच्या पानांपर्यंत पोहोचला आणि १९४१ साली, पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याला ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळाले. गर्भाच्या मेंदूचा व कण्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. म्हणून मूल हवे असे ठरताच ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी.

त्या संशोधनाला शतक होत आले. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा ५२ गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे दिसून आले.

मग ताटात काय असावे? पालेभाजी, डाळ, उसळ, नाचणीची भाकरी, दूध, आणि चालत असल्यास अंडे. भाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणालगतचा चहा मात्र ते लागू देत नाही. दोन जिवांसाठी दुप्पट जेवावे असे नाही. चौथ्या महिन्यापासून दोन पोळ्या व वाटीभर वरण अधिक मिळाले तरी पुष्कळ झाले.

मासे वर्ज्य करण्याचे कारण नाही. बांगडे व तारले ताजे असावेत आणि नीट शिजवावेत. मोरीसारख्या मोठ्या माशांच्या अंगी पारा साठतो, ते टाळावेत. तिसऱ्या, मांस, अंडी अर्धकच्ची खाऊ नयेत. दूध उकळूनच प्यावे. पिकलेल्या पपईचे भय नको. कच्चीत चीक असतो, ती तेवढी वर्ज्य करावी. मद्याचा मात्र एक घोटही नको. रात्रीचा भात तसाच बाहेर राहिला असेल, तर तो ‘वाया जाईल’ म्हणून तिला वाढू नये.

उपवासाविषयी दोन शब्द. आम्हां कॅथलिकांत राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस आहेत. परंतु गर्भवतीवर त्यांचे बंधन नाही. आपल्या हिंदू व मुसलमान भगिनींच्या धर्मातही अशा स्त्रीला सवलत आहे. धर्म जी सूट देतो, ती घराने का नाकारावी?

सासूबाईंना व घरच्या कर्त्या पुरुषांना एवढेच सांगणे आहे. पथ्यांच्या याद्या थोड्या आखूड करा आणि आजच्या रात्रीपासून तिचे पान पहिल्या पंगतीत मांडा. अन्न ऊन असेल, पुरेसे असेल, आणि ती ते घाई न करता जेवेल. याला पैसा लागत नाही, इच्छा लागते.