टायर, पाटे आणि जमाखर्च



नाशिककडील भाजीपाला रातोरात वाशीच्या बाजारात पोहोचविणाऱ्या पिकअपच्या मालकास हंगामात चार पैसे गाठीस लागले की, मोठे टायर आणि मागच्या स्प्रिंगमध्ये एखादा जादा पाटा घालण्याची इच्छा होते. या इच्छेत गैर काही नसले, तरी तिचे अंदाजपत्रक चार टायरांच्या किमतीपाशीच संपते, ही मात्र गफलत होय.

स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते, हे पहिले कलम. २१५/७५ आर १५ मापाचा टायर काढून २३५/७५ आर १५ बसविला, तर व्यास सुमारे ३० मिलिमीटर वाढतो. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मीच, म्हणजे १५ मिलिमीटर. वेगाचा काटा साठावर असता गाडी साडेबासष्टाने धावते, आणि खऱ्या शंभर किलोमीटरांची नोंद मीटरात जेमतेम शहाण्णव होत असल्यामुळे, जो किलोमीटरवर भाडे आकारतो त्यास दर शेकडा चार किलोमीटरांचे भाडे बुडते.

जादा पाट्याने मागची बाजू बसत नाही, हे खरे. परंतु त्यास लांब यू-बोल्ट लागतात, रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यांतून उसळते, आणि शॉक-अब्सॉर्बर जुनेच ठेवले तर ते उसळणे आवरत नाही. शिवाय अ‍ॅक्सल, ब्रेक व चासी पूर्वीचीच असल्याने, नोंदणीपुस्तकातील वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई असून, २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद केली आहे. यास्तव परिवहन कार्यालयातील चौकशी टायरवाल्याकडे जाण्यापूर्वीच करावी.

सबब, खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम झिजलेले बुश, शॉक-अब्सॉर्बर आणि मोडका पाटा बदलावा, मग निर्मात्याने मान्य केलेल्या मापातच अधिक भार पेलणारा टायर निवडावा, आणि त्यापलीकडील जो खर्च भाडे वाढवीत नाही, तो गाडीच्या नव्हे, तर हौसेच्या खाती मांडावा, म्हणजे वर्षअखेरीस धंदा नफ्यात की तोट्यात, याचा निवाडा बिनचूक होईल.