सराफ्यातली रात्र आणि तिचा हिशोब

भांडी घासून, उद्याचं दूध विरजून तुम्ही आता जरा टेकला असाल. आज कर्जाच्या हप्त्याची गोष्ट नाही आणि योजनेच्या अर्जाचीही नाही. आज मौजेची गोष्ट आहे. आमच्या गटातल्या नऊ जणी दोन रात्रींसाठी इंदूरला जाऊन आलो. कशासाठी? रात्रीच्या बाजारात हिंडायला आणि मनासारखं खायला. एवढ्यासाठीच.

हे एवढंसं वाक्य घरी बोलायला आम्हाला चार बैठका लागल्या.

आठवून बघा, आपण घराबाहेर रात्र काढतो ती केव्हा? लग्नाला, बाळंतपणाला, दवाखान्यात कोणाजवळ बसायला, देवाला, नाहीतर प्रशिक्षणाला. सारंगखेड्याची यात्रा आपल्या शहादा तालुक्यातली. पुरुष मंडळी तिथं रात्री उशिरापर्यंत थांबतात. आपण दर्शन घ्यायचं, बांगड्या भरायच्या आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. आपल्या दशसूत्रीत बैठक आहे, बचत आहे, परतफेड आहे, आरोग्य आहे. मौज कुठल्याच सूत्रात नाही.

म्हणून पहिल्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, “ओंकारेश्वरला जातो म्हणून सांगू. देवाला कोण अडवतं?” दुसरी म्हणाली, “अभ्यास दौरा लिहू. इंदूरला मक्याचे पदार्थ करतात, ते बघायला चाललो.” दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. आम्ही जवळजवळ तयारही झालो होतो. मग आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी ताई म्हणाली, “आज देवाचं नाव सांगून गेलो, तर पुढच्या वेळीही देवाचंच नाव लागेल.” ठराव तिथंच झाला. वहीत आम्ही स्पष्ट लिहिलं: मौजेसाठी सहल.

आता पैशाचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्ज घ्यायचं नाही, हे दोन नियम आधी केले. वेगळी वही घातली. दहा जणींनी दर आठवड्याला पन्नास रुपये टाकायचे ठरवलं. कोणी मिरचीचे देठ खुडायच्या मजुरीतून टाकले, कोणी शिवणाच्या पैशातून. चाळीस आठवड्यांत प्रत्येकीचे 2000 रुपये झाले. त्यातले जाण्यायेण्याचे 800, दोन रात्रींच्या खोलीचे 600, खाण्याचे 400, रिक्षाचे 100 आणि अडीनडीला 100. एका खोलीत तिघी, म्हणून खोली परवडली. एक ध्यानात ठेवा, एसटीचं बायकांचं अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून लागू झालं, पण ते आपल्या राज्याच्या हद्दीपुरतंच. खेतियाच्या पुढं मध्य प्रदेशातल्या खाजगी गाड्या, तिथं पूर्ण भाडं. हिशोब करताना हे विसरलात तर परतीला पैसे कमी पडतील.

मग घरी सांगायची पाळी आली. आम्ही परवानगी मागितलीच नाही, असं खोटं सांगणार नाही. मागितली, पण खरं कारण सांगून मागितली. प्रत्येक घरी एक कागद दिला. कोणती गाडी, कुठं उतरणार, लॉजचं नाव आणि फोन, परत कधी, सगळं त्यावर लिहिलं. एका घरी विचारलं, “अर्ध्या रात्री खायला बायका कशाला?” त्या घरच्या सासूबाईच म्हणाल्या, “मीबी येते.” त्या आल्या. बासष्ट वर्षांच्या आहेत.

दहावीला मात्र घरून नाहीच म्हणाले. तिनं चाळीस आठवडे एकही खाडा न करता पैसे टाकले होते. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिचे 2000 तिच्या हातात दिले, वहीत सही घेतली. सकाळी सहाला ती स्टँडवर आली. सोबत दशम्या आणि ठेचा होता. डबा देऊन लगेच मागं वळली. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

शहाद्याहून खेतिया, मग सेंधवा, जुलवानिया. खलघाटला नर्मदा ओलांडली आणि ऊन उतरायला लागलं तेव्हा इंदूरला पोचलो. लॉजवाल्यानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, “सोबत पुरुष कोणी नाही?” आम्ही फोनवर आधीच सांगितलं होतं, तरी विचारलं. आम्ही नऊ आधार कार्डं टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “आम्ही नऊ जणी आहोत.” त्यानं किल्ल्या दिल्या. तुम्हीही आधी फोन करा, नऊ बायका येणार हे सांगा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

इंदूरचा सराफा राजवाड्याच्या मागच्या अंगाला आहे. राजवाडा होळकरांचा, सात मजली. समोरच्या चौकात अहिल्याबाईंचा पुतळा. दिवसा सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर खाली आली की त्याच दुकानांपुढं खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. तिथले लोक सांगतात, खाणाऱ्यांची ये-जा असली की सोन्याची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनाही हा बाजार हवासा वाटला.

आम्ही तीन-तीन जणींत एक बशी घेतली. त्यामुळं पैसे वाचले आणि चवीही जास्त झाल्या. भुट्टे का कीस म्हणजे किसलेला मका दुधात शिजवून फोडणी दिलेला. मका आपल्या शेतातला, पण असा कधी केला नव्हता. गराडू म्हणजे कंद, तळून, मसाला-लिंबू मारून देतात. तो थंडीतच मिळतो. खोपरा पॅटिसात खोबरं असतं. शिकंजी मागाल तर लिंबू सरबत येईल असं समजू नका, इंदुरी शिकंजी दुधाची, घट्ट असते. जिलेबी तर ताटाएवढी. सासूबाईंनी रबडी घेतली, अर्ध्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत गरम गरम, बसून, दुसऱ्यानं वाढलेलं, कधी खाल्लं ते आठवत नाही.” आम्हालाही आठवेना.

गर्दीत एक ताई मागं राहिली. फोनही बंद पडलेला. पण निघताना आम्ही ठरवलं होतं, चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ जाऊन उभं राहायचं. ती तिथंच सापडली. असं एक ठिकाण आधी ठरवाच. लॉजचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत असू द्या. बाजारात जाण्याआधी लॉजवरच सगळं उरकून घ्या. दागिने घरी ठेवा. 112 हा मदतीचा आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करा. हे दोन्ही तिथंही चालतात.

रात्री साडेबारा वाजता आम्ही त्या गल्लीत उभ्या होतो. आजूबाजूला कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी. कोणी आमच्याकडं वळून पाहत नव्हतं. तेव्हा कळलं, आपण रात्रीला भितो असं म्हणतो, पण खरं भितो ते अंधाराला आणि सामसुमीला. उजेड असला, माणसं असली, त्यात बायाही असल्या, तर तीच रात्र वेगळी असते.

दुसऱ्या रात्री छप्पन दुकानं पाहिली. रविवारी सकाळी शेव-जीरावन घातलेले पोहे आणि जिलेबी खाऊन गाडीत बसलो. परत आल्यावर वहीत हिशोब मांडला. प्रत्येकीचे अडीनडीचे शंभर शिल्लक होते. ते वाटून घेतले नाहीत, पुढच्या सहलीला ठेवले.

घरी काही बिनसलं नाही. दोन घरी चार दिवस अबोला होता, तो संपला. गावातलं बोलणं अजून चालू आहे, ते चालू द्या. ग्रामसभेत आम्ही समाजमंदिरापुढच्या दिव्याचा अर्ज दिला आहे. तो लागला की आमची बैठक जेवणं झाल्यावर, रात्री आठला भरेल.

आणि आमची दहावी? तिनं नवीन वहीत पहिले पन्नास रुपये टाकले आहेत. या खेपेला तारीख आधी तिला विचारूनच ठरणार आहे. तिच्या घरी बोलायला आम्ही नऊ जणी सोबत जाणार आहोत, सासूबाईंना पुढं करून.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एक वही घाला. पहिल्या पानावर खरं कारण लिहा. येतो आम्ही. नमस्कार.