मांजर गप्प होतं तेव्हा

दिवाळी तोंडावर आली आहे, आणि तुळशीचं लग्न लागलं की पाठोपाठ वराती सुरू होतील. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेलं. चौकात सुतळी बॉम्ब फुटला की माडीवरची तावदानं हादरतात. कायद्याने फटाक्याला घातलेली मर्यादासुद्धा चार मीटरवर १२५ डेसिबल इतकी आहे. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६० हजारांच्याही पुढचा ऐकू येतो, कारण उंदराची बारीक चीं चीं त्याला टिपायची असते. त्या कानांवर बँड, डीजे आणि लवंगी माळा एकदम आदळतात.

कुत्रा घाबरला की भुंकतो, पायांत घुसतो, घरभर कळतं. मांजर गप्प होतं. ते शिकारी खरं, पण मोठ्या जनावरांचं भक्ष्यही; भीती आणि दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे त्याचा ताण आपल्याला दिसत नाही, आणि दिसला तर आपण त्याला खोडी म्हणतो.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मनी एकाएकी रजयांच्या गठ्ठ्यावर लघवी करू लागली. ओरडून झालं, चापट मारून झाली, वास काही जाईना. मग घरातल्या आजींनी एक दुपार तिच्याजवळ बसून काढली. मनी खिडकीत होती. चारही पाय पोटाखाली, शेपूट अंगाला घट्ट लपेटलेली, कान आडवे, आणि लख्ख उन्हातही बुबुळं काळीभोर मोठी. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर एक परका बोका ठाण मांडून तिच्याकडे बघत होता. आजींनी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुन्या लुगड्याचा पडदा लावला, वाळूचा ट्रे जाण्यायेण्याच्या वाटेवरून उचलून कोपऱ्यात ठेवला. हळूहळू रजया कोरड्या राहू लागल्या. मनीला शिक्षा करायची नव्हती, तिची भीती काढायची होती. मारतच राहिलं असतं तर घरात भिण्यासारखं आणखी एक माणूस वाढलं असतं, बस.

पोटावरचे केस चाटून चाटून विरळ होणं, आवडीच्या खाण्याला तोंड न लावणं, माळ्यावरून खालीच न उतरणं, ही सगळी त्याच ताणाची लक्षणं. मांजर घुरघुरतंय म्हणजे सुखातच आहे असंही नाही. वेदनेतही ते घुरघुरतं.

दिवाळीसाठी आतल्या खोलीत पुठ्ठ्याचा एक खोका आडवा ठेवा, आत तुमची वापरलेली चादर घाला, आणि हे आजच करा, म्हणजे तोपर्यंत ती जागा त्याची होईल. नेदरलँड्समध्ये निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांवर अभ्यास झाला, तेव्हा लपायला खोका मिळालेली मांजरं लवकर सावरली. लपलेल्या मांजराला मायेपोटीसुद्धा ओढून बाहेर काढू नका. लांब बसा, त्याच्याकडे पाहत डोळे सावकाश अर्धे मिटा आणि उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात मांजरांनी अशा माणसांना तसंच उत्तर दिलं, आणि अनोळखी माणूस असूनही त्याच्या हाताकडे ती जास्त वेळा आली.

दोन गोष्टी मात्र घरी सोडवायच्या नाहीत. पहिली उन्हाळ्याची. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर कुत्र्यासारखं धापतंय म्हणून सोडून देऊ नका. गार जागी आणा, ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. दुसरी गोष्ट बोक्यांची. ताणाने मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो. बोका पुन्हा पुन्हा वाळूत जाऊन कुंथतोय आणि थेंबही पडत नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लक्ष्मीपूजनाची रात्र असली तरी जनावरांच्या डॉक्टरांना त्याच रात्री फोन करा.