दुर्बिणीची पारख



'दुरून डोंगर साजरे' असं आपण म्हणतो खरे. पण नात्याहून पाचाडच्या वाटेला लागावे, रायगडाचा कडा समोर उभा राहावा, आणि हा डोंगर जरा जवळ ओढून पाहता आला तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. ही हौस जुनी आहे. १६०८ साली हॉलंडमधल्या एका चष्मे करणाऱ्या कारागिराने दोन भिंगे एका नळीत बसवून सरकारकडे पेटंट मागितले. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने तसली नळी आकाशाकडे वळवली. पुढे ती बंदुकीवर चढली. आता तर मोबाईलवर बोट दाबले की दुर्बीण घरपोच येते.

तेव्हा प्रश्न आला किमतीचा. रायफलीवरची दुर्बीण, जिला 'स्कोप' म्हणतात, काही हजारांना मिळते आणि काही लाखांनाही मिळते. दोन्ही वरून सारख्याच काळ्या, सारख्याच लांब. मग घ्यावी कोणती? शाळेसाठी दुर्बीण शोधणारे गुरुजी हे विचारतात, शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी विचारतो, आणि नेमबाजीची आवड लागलेला तरुणही विचारतो. नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. ते १८९६ साली इथे जन्मले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रुपयाचा कारभार पाहिलेल्या माणसाच्या गावात आपण निदान एवढे तरी विचारायला हवे, की या रुपयाला मला नेमके काय मिळाले?

आधी खोक्यावरचे आकडे वाचू या. स्कोपवर '३–९ × ४०' असं छापलेले असते. याचा अर्थ वस्तू तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठी दिसते, आणि पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास ४० मिलिमीटर आहे. आता एक सोपा भागाकार करा. ४० ला ९ ने भागा. सुमारे साडेचार आले. नेत्रिकेतून तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत आपल्या डोळ्यात येतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. अंधारात तरुण माणसाची सातापर्यंत उघडते, म्हाताऱ्याची त्याहून कमी. म्हणजे ४० च्या भिंगावर तुम्ही वीस पट लावली तर झोत उरला दोन मिलिमीटरचा. दुपारी चालेल. दिवेलागणीला मात्र सगळे काळवंडलेले दिसेल.

पट वाढवण्याला आणखी एक कुंपण आहे. चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतके जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसतात. त्या साठाव्या भागाचे पुन्हा साठ भाग केले, तर ४० मिलिमीटरचे भिंग फार तर तीन भागांपर्यंत पोचते. साठाला तीनाने भागा, वीस आले. विसाच्या पुढे कितीही पट लावा, चित्र मोठे होईल पण नवे काही दिसणार नाही. फोटो ताणला की चेहऱ्याबरोबर डागही मोठा होतो, तसाच हा प्रकार. त्यातून वैशाखातल्या दुपारी जमिनीवरची तापलेली हवा लाटांसारखी थरथरते. दुर्बीण ती थरथरही तितक्याच पटीने मोठी करून दाखवते.

आणि छापलेला आकडा खराच असतो असंही नाही. मुठीत मावेल एवढ्या दुर्बिणीवर '३० × ६०' लिहिलेले दिसले, तर शाळेतली पट्टी घेऊन पुढचे भिंग मोजा. पुष्कळदा साठाच्या जागी तीसही भरत नाहीत! पट्टी खोटे बोलत नाही.

मग जास्तीचा पैसा जातो कुठे? पहिला जातो काचेत. उघड्या काचेच्या दर पृष्ठभागावर शंभरातले सुमारे चार भाग प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत पाच भिंगे असली तर दहा पृष्ठभाग झाले. शंभरातून चार टक्के वजा करा, उरलेल्यातून पुन्हा चार टक्के, असं दहा वेळा केले की शेवटी सहासष्टच उरतात. एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला, आणि जो आत इकडेतिकडे उडाला त्याने चित्रावर धुके आणले. १९३५ साली जर्मनीतल्या झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर उपाय काढला. काचेवर अतिशय पातळ लेप दिला की परतणारा प्रकाश अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आणता येतो. मग तोच गुणाकार केला तर शंभरातले पंचाण्णव भाग डोळ्यापर्यंत पोचतात. पारख घरी करता येते. भिंग ट्यूबलाइटखाली तिरपे धरा. प्रतिबिंब पांढरेशुभ्र असले तर लेप नाही. मंद हिरवट किंवा जांभळट असले तर लेप आहे. आणि भिंग माणकासारखे लालभडक चमकत असेल, तर तो बहुधा गिऱ्हाईक ओढण्याचा रंग समजा.

दुसरा पैसा जातो तो डोळ्याला न दिसणाऱ्या जागी, आणि स्कोपची खरी किंमत तिथेच ठरते. साधी दुर्बीण गळ्यात असते. स्कोप बसतो बंदुकीवर. बंदूक दर बाराला झटका देते. आतली फुलीची तार त्या झटक्याने केसभरही हलता कामा नये. शिवाय स्कोपच्या वर आणि बाजूला दोन चक्रे असतात. एकाने नेम वर-खाली सरकतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. चक्राचा एक 'टक्' म्हणजे शंभर मीटरवर सुमारे एक सेंटिमीटर. काही स्कोपांत सात मिलिमीटर.

हे 'टक्' कशाला लागतात, ते रायगडानेच पाहिले आहे. १८१८ सालच्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून गडावर उखळी तोफांचा मारा केला. १० मे रोजी गड पडला. त्या काळच्या गोलंदाजाची रीत सरळ होती. एक गोळा टाकायचा, कुठे पडला ते पाहायचे, आणि तितका फरक पुढच्या गोळ्याला द्यायचा. स्कोपची चक्रे आजही हेच काम करतात. पण दिलेला फरक जर चक्राने इमानाने पाळला नाही तर? दहा 'टक्' मागितले आणि आठच मिळाले तर? मग काच कितीही स्वच्छ असो, तिचा उपयोग शून्य.

याचीही परीक्षा आहे, आणि तिला गोळी लागत नाही. स्कोप टेबलावर घट्ट बांधा. समोर भिंतीवर गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद लावा. फुली एका चौकटीच्या कोपऱ्यावर आणा. वीस 'टक्' वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. फुली पहिल्या कोपऱ्यावर परत आली पाहिजे. नाही आली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. त्याच वेळी डोके जरा इकडेतिकडे हलवून पाहा. फुली कागदावर तरंगल्यासारखी सरकते का? याला पॅरॅलॅक्स म्हणतात. मोजपात्रातले पाणी तिरक्या नजरेने वाचले की आकडा चुकतो, तेच हे. लांबच्या नेमात हा दोष महाग पडतो. म्हणून चांगल्या स्कोपला तो घालवण्यासाठी वेगळे चक्र असते. मात्र कागद पंधरा-वीस फुटांवर असला तर ज्याला हे चक्र नाही अशा चांगल्या स्कोपातही फुली थोडी सरकेल. त्याची ही परीक्षा शंभर मीटरवरच घ्यावी.

तिसरा पैसा आपल्या पावसासाठी. महाड-पोलादपूरचा पावसाळा म्हणजे भिंगांचा शत्रू. आत दमट हवा शिरली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती काच खाते. नायट्रोजन भरून बंद केलेली नळी आपल्याकडे चैन नव्हे, गरज आहे. आणि कोणतीही दुर्बीण आषाढात चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून एक नियम सांगतो. भुकेल्याला पहिली भाकरी अमृत वाटते, चौथी कशीबशी जाते. दुर्बिणीचेही तसेच आहे. अगदी स्वस्त नगाहून मध्यम किमतीच्या नगाकडे गेलात की फरक लख्ख दिसतो. मध्यमाहून दुप्पट दिलेत तर फरक दिसतो, पण संध्याकाळी, शोधून. तिथून पुढे चौपट पैसे मोजाल ते शेवटच्या चिमूटभर सुधारणेसाठी. तिची गरज ज्याला आहे त्याने ते जरूर मोजावेत. शेजाऱ्याकडे आहे म्हणून नव्हे.

आता लांबच्या नेमाबद्दल. स्कोप लक्ष्य दाखवतो. गोळी तिथे नेत नाही. एक सेकंद हवेत राहिलेली गोळी सुमारे पाच मीटर खाली येते, आणि दरीतला वारा तिला बाजूला ढकलतो तो वेगळाच. म्हणून आधी अंतर हवे. फुलीच्या तारेवर काही स्कोपांत 'मिल'च्या खुणा असतात. हजार मीटरवरची एक मीटर उंचीची वस्तू एक मिल दिसते. आठ मीटरचा विजेचा खांब सोळा मिल दिसला, तर तो पाचशे मीटरवर आहे. गुरुजी, हे गणित वर्गात विनाखर्च होते. पट्टी डोळ्यापासून साठ सेंटिमीटरवर धरा. तोच खांब एक सेंटिमीटर दिसला, तर अंतर आठ गुणिले साठ, म्हणजे चारशे ऐंशी मीटर. समरूप त्रिकोण मुलांना फळ्यापेक्षा मैदानात लवकर कळतात.

आणि नुसत्या भिंगाने नेमबाज होत नाही याचा दाखला दूर नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. तिथल्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि रायफलीवर दुर्बीण लावायला नियमानेच मनाई आहे. मागे बारीक भोक, पुढे कडी, बस्स. बाकीचे काम श्वासाचे, बोटाचे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचे. तेव्हा तरुण मित्रांनो, पहिले पैसे सरावावर आणि चांगल्या गुरूवर खर्च करा. अंगण वाकडे म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये.

शेवटी शेतकरी बंधूंशी दोन शब्द. भाताचे आणि भुईमुगाचे रान डुकरांनी रात्रीत उकरले की जीव कसा तुटतो, ते शेत करणाऱ्यालाच ठाऊक. पण शेतीसंरक्षणासाठी आपल्याकडे असते ती ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक. छर्ऱ्याची मजल पस्तीस-चाळीस मीटर. तिच्यावर लांब पल्ल्याचा स्कोप चढवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परवानगीवाचून रानडुकराची शिकार करणे कायद्याने गुन्हा आहे. नुकसानीबद्दल वनखात्याकडे अर्ज करण्याची वाट आहे, तिने जावे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. स्कोपमधून पाहताना नजर एका लहानशा गोलात अडकते. गोलाबाहेर कोण आहे ते दिसत नाही. आणि 'ते काय हलते आहे' हे पाहण्यासाठी ज्याने बंदुकीचा स्कोप डोळ्याला लावला, त्याने न ओळखलेल्या वस्तूवर भरलेली बंदूक रोखली. झुडपामागे डुक्करच असेल असं नाही. आपल्यासारखाच राखणीला आलेला कोणी असेल, पहाटे मोहाची फुले वेचणारी बाई असेल. गेलेली गोळी कोणत्याही चक्राने मागे येत नाही.

म्हणून माझ्या हिशेबात पहिली खरेदी बंदुकीवर न बसणाऱ्या दुर्बिणीची. आठ पट, चाळीस मिलिमीटर. दोन्ही डोळ्यांनी पाहायची, गळ्यात अडकवायची. तिच्यात शेत दिसते, बांध दिसतो आणि बांधावरचा माणूसही दिसतो. शाळेत तीच मुलांना धनेशाची चोच आणि चंद्रावरचे खड्डे दाखवील. फक्त सूर्याकडे ती कधीही वळवू देऊ नका, डोळा कायमचा जातो. स्कोप घ्यायचाच असेल तर तो नेमबाजीच्या मैदानासाठी घ्या, पट्टी आणि चौकटीचा कागद बरोबर नेऊन पारखून घ्या. आणि हातात बंदूक असेल तेव्हा आधी ओळख पटू द्या. पटेपर्यंत तिची नळी जमिनीकडे असू द्या.