थापाड्या लायराची बाजू

आज बोलूया फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'बद्दल. कादंबरी १९९५ची, अमेरिकेत 'द गोल्डन कंपास' नावाने आली. २००७ साली कार्नेगी पदकविजेत्या पुस्तकांतून सर्वोत्तम पुस्तक निवडायला जाहीर मतदान झालं, तेव्हा लोकांनी हीच निवडली.

तरी वाचकांचं एकमत नाही. काहींना सुरुवात संथ वाटते. डीमन म्हणजे काय, धूळ म्हणजे काय, हे पुलमन पटकन सांगतच नाहीत. ही तक्रार मला मान्य आहे.

दुसरी तक्रार: लायरा सर्रास थापा मारते, मग ती नायिका कसली? हे मात्र मला पटत नाही. जेमतेम अकरा-बारा वर्षांची पोर, हातात ना सत्ता ना शस्त्र. अस्वलांच्या राजाला तिने थापेनेच गुंडाळलं, म्हणून तर योरेकला समोरासमोर लढायची संधी मिळाली. आणि गंमत बघा, खरं सांगणारं यंत्र वाचता येतं ते याच मुलीला!

शेवट सांगत नाही. एवढंच म्हणते, तिच्या खोट्याने जीव वाचतात आणि जिथे ती मनापासून मदतीला धावते, तिथेच घात होतो. म्हणून ती लक्षात राहते.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!